माहुलचे रॉकेल, आखाताचे भाडे

१७ ऑगस्ट १९६० रोजी मुंबई बंदरातील पिरपाव धक्क्याला उझगोरोड हे सोव्हिएत जहाज लागले. त्यात ११,३९० टन डिझेल होते. मुंबईच्या धक्क्यांना तेलाच्या जहाजांचे अप्रूप नव्हते. पिरपावपासून हाकेच्या अंतरावर स्टॅनव्हॅक आणि बर्मा-शेल या दोन परदेशी कंपन्यांचे तेलशुद्धीकरण कारखाने अहोरात्र धडधडत होते आणि त्यांचे कच्चे तेल समुद्रमार्गेच येत होते. या जहाजाचे वेगळेपण इतकेच की त्यातला माल या दोघींपैकी कोणाचाच नव्हता. तो होता अवघ्या एका वर्षाच्या इंडियन ऑइल या सरकारी कंपनीचा. विदेशी कंपन्यांनी ठरवलेल्या भावाबाहेर भारतात तेल विकले जाऊ शकते, हे त्या दिवशी प्रथमच सिद्ध झाले. ज्या माणसाने हे घडवून आणले त्याचे नाव केशवदेव मालवीय. पेट्रोल पंपावर भाव वाढला की आज मंत्र्यांचा उद्धार होतो. मात्र तो भाव कोण आणि कसा ठरवतो, हा प्रश्न भारतात चिकाटीने विचारणारा पहिला मंत्री आता फारसा कोणाच्या स्मरणात नाही.

मालवीय यांचा जन्म ११ जून १९०४चा, अलाहाबादचा. पंडित मदनमोहन मालवीय यांच्या नात्यातले हे घराणे. तेव्हा घरातच राष्ट्रीय चळवळीचे वारे होते. केशवदेव मात्र विज्ञानाकडे वळले आणि कानपूरच्या हारकोर्ट बटलर तंत्रज्ञान संस्थेत त्यांनी तेल तंत्रज्ञानाचे शिक्षण घेतले. त्या काळी त्या संस्थेतले तेल म्हणजे मुख्यत्वे सरकी, शेंगदाणा आणि मोहरीचे तेल! भूगर्भातल्या तेलाशी त्याचा संबंध नावापुरताच. पुढे देशाच्या तेल उद्योगाचे जनक म्हणून ओळखल्या गेलेल्या माणसाच्या आयुष्याची सुरुवात अशी घाण्यापासून झाली, हा योगायोग मोठा गमतीचा आहे. शिक्षण संपल्यावर ते स्वातंत्र्य चळवळीत उतरले. नेहरूंच्या अलाहाबादी वर्तुळातला हा तरुण स्वातंत्र्यानंतर उत्तर प्रदेशच्या मंत्रिमंडळात आला. १९५२ नंतर तो लोकसभेत पोहोचला आणि मौलाना आझाद यांच्या शिक्षण, नैसर्गिक साधनसंपत्ती व वैज्ञानिक संशोधन खात्याचा उपमंत्री झाला. खाते भारदस्त नावाचे, पण अधिकारांनी तोकडे. मालवीय यांची सारी कामगिरी या अडगळीतल्या खात्यातून उभी राहिली.

भाव कसा ठरत होता?

मालवीय यांचा लढा समजून घ्यायचा तर त्या वेळचा तेलाचा हिशेब समजून घ्यावा लागतो.

१९५१मध्ये इराणने आपल्या तेल उद्योगाचे राष्ट्रीयीकरण केले आणि अबादानचा प्रचंड तेलशुद्धीकरण कारखाना बंद पडला. भारताला लागणारे पेट्रोल आणि रॉकेल बव्हंशी तिथून येई. भारत सरकारला देशात कारखाने हवे होते. कंपन्यांनाही आता कारखाने उत्पादक देशांपेक्षा ग्राहक देशांत अधिक सुरक्षित वाटू लागले होते. चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असतानाच्या त्या वर्षाच्या अखेरीस स्टॅनव्हॅक आणि बर्मा-शेल यांच्याशी करार झाले. कॅल्टेक्सचा करार १९५३मध्ये झाला. स्टॅनव्हॅकचा तुर्भ्याचा कारखाना १९५४मध्ये सुरू झाला, त्यालगतचा माहुलचा बर्मा-शेलचा १९५५मध्ये आणि कॅल्टेक्सचा विशाखापट्टणमचा १९५७मध्ये. परकीय चलनाच्या दुष्काळात परदेशी भांडवल येत होते आणि मुंबईला एक नवा उद्योग मिळत होता. करारांचे स्वागत झाले, यात नवल नव्हते.

तथापि, करारातली कलमे पुढे महागात पडली. पंचवीस वर्षे राष्ट्रीयीकरण करणार नाही, असे अभिवचन सरकारने दिले होते. कच्चे तेल कोठून आणायचे, हे कंपन्या ठरवणार होत्या. आणि तयार मालाचा भाव आयात मालाच्या भावाइतका राहणार होता. या शेवटच्या कलमाचा अर्थ असा की माहुलमध्ये शुद्ध झालेले रॉकेल चेंबूरच्या दुकानात विकले गेले, तरी त्याचा भाव ते जणू इराणच्या आखातातून तयार होऊन जहाजाने आले आहे असे मानून ठरे. आखातातील जाहीर भाव, त्यावर जहाजाचे भाडे, विमा, गळती, बंदराचा खर्च, अशी बेरीज होई. युद्धापूर्वी तर याहून अजब प्रकार होता. तेल अबादानचे असले तरी भाव अमेरिकेतील मेक्सिकोच्या आखाताचा धरला जाई आणि न झालेल्या प्रवासाचे भाडे भारतीय ग्राहक भरत असे.

दुसरी मेख कच्च्या तेलात होती. माहुलचा कारखाना कच्चे तेल विकत घेई तो आपल्याच मातृकंपन्यांकडून आणि तेही पूर्ण जाहीर भावाने. आखातातील विहिरीवर तेल काढण्याचा खर्च या भावाच्या मानाने अगदीच किरकोळ होता. १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात जगात तेल मुबलक झाले, खुल्या बाजारात सवलती मिळू लागल्या. त्या सवलती भारतातील कारखान्यांच्या हिशेबवह्यांत उतरत नव्हत्या. परिणामी शुद्धीकरणातला नफा बेताचा दिसे आणि खरा नफा विहिरीच्या तोंडाशी, भारतीय प्राप्तिकर खात्याच्या हाताबाहेर जमा होई. सरकार जेव्हा भावाची चौकशी करी, तेव्हा कंपन्या आपला शुद्धीकरणाचा नफा दाखवत आणि तो खरोखरच अवाजवी नसे. एकाच मालकाच्या डाव्या खिशातून उजव्या खिशात पैसे जात असतील, तर एकाच खिशाची झडती घेऊन काय हाती लागणार?

खोदून पाहण्याचा हट्ट

या कोंडीतून बाहेर पडायचे तर स्वतःचे तेल हवे, असे मालवीय यांचे मत बनले. परंतु भारतात तेल आहे कुठे? आसाममधील दिग्बोई आणि १९५३मध्ये सापडलेले नहरकटिया सोडले तर नकाशा कोरा होता. बंगालमध्ये स्टॅनव्हॅकने सरकारच्या भागीदारीत सुरू केलेला शोध कोरडा चालला होता. उरलेल्या भारतात तेल नाही, किंवा असले तरी काढण्याजोगे नाही, असा पाश्चात्त्य तज्ज्ञांचा एकंदर सूर होता. आणि ज्यांच्याकडे आखातात स्वस्त तेलाचे सागर आहेत त्या कंपन्यांना भारतात नवे तेल शोधण्याची घाई असण्याचेही कारण नव्हते.

मालवीय यांनी १९५५मध्ये परदेश दौरा केला. तो त्यांना सोव्हिएत संघापर्यंत घेऊन गेला. बाकूचे तेलक्षेत्र परदेशी कंपन्यांविना चालते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले आणि या अनुभवाचा त्यांच्या विचारांवर कायमचा ठसा उमटला. लवकरच सोव्हिएत भूगर्भतज्ज्ञ भारतात आले आणि भारतात अनेक ठिकाणी तेल असण्याची शक्यता आहे, असा अहवाल त्यांनी दिला. एप्रिल १९५६च्या औद्योगिक धोरण ठरावात खनिज तेल सरकारी क्षेत्रासाठी राखीव यादीत गेले. त्याच वर्षी १४ ऑगस्टला तेल व नैसर्गिक वायू आयोग स्थापन झाला आणि त्याचे मुख्यालय डेहराडूनला गेले. अर्थ खात्यात या धाडसाविषयी उत्साह नव्हता. कोरडी विहीर म्हणजे जमिनीत गाडलेला पैसा, आणि असा पैसा परकीयांनी गाडावा, गरीब देशाच्या सरकारने कशाला, हा त्यांचा युक्तिवाद बिनबुडाचा खासच नव्हता.

पहिली विहीर ज्वालामुखी येथे १९५७मध्ये घेतली गेली. देवीच्या मंदिरात शतकानुशतके भूगर्भातील वायूची ज्योत जळते, त्या परिसरात तेल असावे, हा तर्क. निघाला तो थोडासा वायू. विरोधकांना आयतेच कोलीत मिळाले. या वेळी नेहरूंनी मालवीय यांची पाठराखण केली नसती, तर हा प्रयोग तेथेच आटोपता. सप्टेंबर १९५८मध्ये खंबायतजवळ लुणेज येथे तेल लागले. मे १९६०मध्ये अंकलेश्वरला त्याहून मोठा साठा हाती आला. नेहरू तो पाहायला स्वतः आले आणि त्या विहिरीला त्यांनी वसुधारा हे नाव दिले. मुंबईपासून एका रात्रीच्या रेल्वे प्रवासाइतक्या अंतरावर खनिज तेल होते आणि त्याकडे पन्नास वर्षे कोणी गंभीरपणे पाहिले नव्हते!

स्वस्त तेल नाकारले जाते

जून १९५९मध्ये इंडियन ऑइल कंपनी स्थापन झाली होती. तिच्याकडे ना टाक्या होत्या, ना पंप. बाजाराचा निम्म्याहून अधिक हिस्सा एकट्या बर्मा-शेलकडे होता. अशा वेळी १९६०च्या उन्हाळ्यात सोव्हिएत संघाने भारताला कच्चे तेल देऊ केले. भाव जाहीर भावापेक्षा बराच कमी आणि पैसे चुकवायचे रुपयात. ज्या देशात एकेका पौंडासाठी आयात परवान्यांच्या रांगा लागत, त्या देशाला रुपयात तेल मिळणे ही पर्वणी होती. मालवीय यांनी तिन्ही कंपन्यांना हे तेल आपल्या कारखान्यांत शुद्ध करून देण्यास सांगितले. तिन्ही कंपन्यांनी नकार दिला. कच्चे तेल कोठून आणायचे, हा आमचा करारसिद्ध अधिकार आहे, ही त्यांची भूमिका होती आणि करार वाचणाऱ्या कोणालाही ती कायद्याच्या दृष्टीने चूक म्हणता आली नसती.

याच सुमारास क्युबामध्येही अगदी हाच प्रसंग उद्भवला. तेथे कंपन्यांनी सोव्हिएत तेल शुद्ध करण्यास नकार देताच कास्त्रो यांनी कारखाने ताब्यात घेतले. मालवीय यांच्या डाव्या मित्रांना तसेच काही हवे होते. दिल्लीने तसे केले नाही. करार मोडला असता तर अमेरिकी मदत आणि जागतिक बँकेचे कर्ज यांवर गदा आली असती, आणि तिसरी पंचवार्षिक योजना तर दाराशी उभी होती. मालवीय यांनी दुसरा मार्ग काढला. कच्चे तेल शुद्ध करून मिळत नसेल तर तयार मालच आणावा. पिरपावचे जहाज ते हेच.

एका जहाजाने बाजार उलटत नाही. परंतु दुसरा विक्रेता दारात उभा राहिला, एवढ्यानेही भावाची बोलणी बदलतात. जे कच्चे तेल जाहीर भावाखाली विकणे आजवर अशक्य होते, त्यावर या कंपन्या भारताला सवलत देऊ लागल्या. त्याच ऑगस्टमध्ये न्यू जर्सीच्या स्टँडर्ड ऑइलने आखातातील जाहीर भाव कमी केला. सोव्हिएत तेलाची स्पर्धा हे त्यामागचे एक कारण होते. त्या कपातीने दुखावलेल्या उत्पादक देशांनी सप्टेंबरमध्ये बगदादला जमून ओपेक ही संघटना स्थापली. ज्या घडामोडींतून भारताला स्वस्त तेल मिळाले, त्यांतूनच तेरा वर्षांनी भारताचे कंबरडे मोडणारी संघटना जन्माला आली, हे त्या वेळी कोणाच्या ध्यानात येणार होते?

भावाचा हिशेब तपासण्यासाठी के. आर. दामले यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिचा अहवाल १९६१मध्ये आला. आयात भावाचे तत्त्व तिने मोडीत काढले नाही, पण जाहीर भाव हाच खरा भाव, हे मानणे थांबवले आणि कंपन्यांना द्यायच्या रकमेला कात्री लावली. त्यानंतर तालुकदार समिती आली, १९६९मध्ये शांतिलाल शाह समिती आली. दरवेळी वाद तोच होता. कच्च्या तेलावर खरी सवलत किती, आणि कारखान्याला सुटणारा नफा किती असावा.

दरम्यान सरकारी कारखाने उभे राहत होते. गुवाहाटीचा नूनमाटी कारखाना रुमानियाच्या मदतीने १ जानेवारी १९६२ रोजी सुरू झाला, बरौनीचा सोव्हिएत मदतीने १९६४मध्ये, गुजरातमधील कोयलीचा त्यापाठोपाठ. यांतला प्रत्येक निर्णय निव्वळ अर्थशास्त्राचा होता, असे म्हणता येणार नाही. आसामचे तेल शुद्ध करायला बिहारात न्यायचे ठरले, तेव्हा आसामात मोठे आंदोलन झाले आणि तोडगा म्हणून एकाऐवजी दोन कारखाने आले. तेलाचे राजकारण विदेशी कंपन्यांच्या हातून काढून घेतले, तरी ते राजकारण राहतेच. ते फक्त दिल्ली, पाटणा आणि गुवाहाटीत येऊन बसते.

दहा हजार रुपये

१९६२मध्ये मालवीय खाण व इंधन खात्याचे कॅबिनेट मंत्री झाले. सत्तेच्या शिखरावर ते जेमतेम वर्षभर टिकले. ओरिसातील एका खाणमालक फर्मवर पडलेल्या छाप्यांत राजकीय नेत्यांना दिलेल्या पैशांच्या नोंदी सापडल्या. मालवीय यांच्या शब्दावरून एका काँग्रेस उमेदवाराला निवडणुकीसाठी दहा हजार रुपये दिले गेल्याचे प्रकरण त्यातून पुढे आले. खाणींचा मंत्री आणि खाणमालकाचा पैसा! नेहरूंनी सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एस. के. दास यांच्याकडे चौकशी सोपवली. अहवाल प्रसिद्ध झाला नाही, पण १९६३च्या मध्यावर मालवीय यांनी राजीनामा दिला. हा पैसा त्यांनी स्वतःसाठी घेतला, असा आरोप नव्हता. विदेशी कंपन्यांनी त्यांचा काटा काढला, असे त्यांचे समर्थक पुढे अनेक वर्षे सांगत राहिले. त्याला पुरावा मात्र कोणी दिला नाही. आणि समजा कोणी टपून बसलेच असेल, तरी संधी मालवीय यांनीच दिली होती, हे नाकारता येत नाही. ज्या खात्याचे आपण मंत्री आहोत त्या व्यवसायातील माणसाला पक्षाच्या निवडणुकीसाठी शब्द टाकू नये, हे कळण्याइतके ते राजकारणात मुरलेले होते.

पुढील दहा वर्षे ते सत्तेबाहेर राहिले. या काळात त्यांनी लावलेल्या रोपांना पालवी फुटत होती. सोव्हिएत सर्वेक्षण जहाजाने १९६०च्या दशकाच्या मध्यावर खंबायतच्या आखातात आणि मुंबईसमोरच्या समुद्रात केलेल्या पाहणीत एक विस्तीर्ण रचना आढळली होती. जपानमध्ये बांधलेली सागर सम्राट ही तराफावजा खोदयंत्रणा तेथे गेली आणि फेब्रुवारी १९७४मध्ये मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर समुद्रतळाखाली तेल लागले.

वेळ विलक्षण होती. १९७३च्या अरब-इस्रायल युद्धानंतर कच्चे तेल काही महिन्यांत तिपटीहून अधिक महागले होते. दिल्लीत अटलबिहारी वाजपेयी दरवाढीच्या निषेधार्थ बैलगाडीतून संसदेत गेले, ते याच सुमारास. मुंबईत रॉकेलसाठी, म्हणजे आपल्या जुन्या घासलेटसाठी, पहाटेपासून डबे घेऊन रांगा लागत. अशा वेळी, १९७४च्या ऑक्टोबरात, सत्तरी ओलांडलेले मालवीय पेट्रोलियम मंत्री म्हणून परतले.

त्या वर्षी एस्सोचे, म्हणजे पूर्वीच्या स्टॅनव्हॅकचे, राष्ट्रीयीकरण झाले होते आणि हिंदुस्थान पेट्रोलियमचा जन्म झाला होता. उरलेल्या दोन कंपन्या मालवीय यांच्या कारकिर्दीत सरकारकडे आल्या. २४ जानेवारी १९७६ रोजी बर्मा-शेल आणि त्याच वर्षाच्या अखेरीस कॅल्टेक्स. १९५१च्या कराराची पंचवीस वर्षे संपत आली होती. कंपन्यांनीही फारशी झुंज दिली नाही. ओपेक देशांनी विहिरी ताब्यात घ्यायला सुरुवात केल्यावर विहिरीच्या तोंडचा नफा गेला होता आणि माहुलच्या शुद्धीकरणात उरलेल्या नफ्यासाठी भारतीय नोकरशाहीशी भांडत बसण्यात त्यांना रस नव्हता. पूर्वी त्या जो नफा दाखवत होत्या तो आता खरोखरच तेवढाच उरला होता.

२१ मे १९७६ रोजी मुंबई हायमधून उत्पादन सुरू झाले. आणीबाणीच्या काळातील वृत्तपत्रांत त्याचे श्रेय कोणाला मिळाले, हे सांगायला नको. कंपन्यांना सरसकट शत्रू मानणारे अशी मालवीय यांची प्रतिमा असली, तरी कच्छ आणि बंगालच्या किनाऱ्याजवळ तेल शोधण्याचे अमेरिकी कंपन्यांशी १९७४मध्ये झालेले करार त्यांच्या मंत्रालयाच्या देखरेखीखालीच राबवले गेले. तेथे हाती काही लागले नाही. १९७७च्या लाटेत मालवीय डोमरियागंजमधून पराभूत झाले. २७ मे १९८१ रोजी त्यांचे निधन झाले. डेहराडूनच्या तेल संशोधन संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले.

त्यांच्या पश्चात हिशेब

भाव ठरवण्याचा अधिकार कंपन्यांकडून सरकारकडे आला, तेव्हा ग्राहकाचे हित आपोआप साधेल, असे मालवीय यांना वाटत होते. तसे घडले, असे ठामपणे म्हणणे अवघड आहे. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात आलेल्या नियंत्रित भावपद्धतीत प्रत्येक कारखान्याला खर्च अधिक ठरावीक परतावा मिळू लागला. त्यामुळे काटकसरीचे कारण उरले नाही आणि निवडणुका आल्या की भाव गोठवण्याची सवय लागली. १ एप्रिल २००२ रोजी ही पद्धत मोडीत निघाली. तेव्हा आयात भावाचे तत्त्व मागच्या दाराने परत आले. कोयलीत किंवा माहुलमध्ये तयार झालेल्या पेट्रोलवर पुन्हा आखाताचे भाडे चढले. २००६मध्ये रंगराजन समितीने त्यात दुरुस्ती सुचवली, आयात भाव आणि निर्यात भाव यांचे मिश्रण धरण्याची. दामले समितीचा अहवाल ज्यांनी वाचला असेल त्यांना हा वाद ओळखीचा वाटला असणार. २०१०मध्ये पेट्रोल आणि २०१४मध्ये डिझेल नियंत्रणमुक्त झाले. २०१७पासून भाव रोज बदलू लागले.

मालवीय यांच्या काळातील कायदेही दीर्घायुषी ठरले. वाजपेयी सरकारने भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्थान पेट्रोलियम विकायला काढल्या, तेव्हा सप्टेंबर २००३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १९७०च्या दशकातील त्या राष्ट्रीयीकरणाच्या कायद्यांवर बोट ठेवले आणि संसदेने घेतलेल्या कंपन्या संसदेला विचारल्याविना विकता येणार नाहीत, असा निकाल दिला. ते कायदे २०१६मध्ये रद्द झाले. त्यानंतर भारत पेट्रोलियमच्या विक्रीचा घाट पुन्हा घातला गेला आणि पुरेसे बोलीदार न उरल्याने मे २०२२मध्ये तो सोडून द्यावा लागला.

त्याच वर्षी युक्रेन युद्धानंतर रशियाने भारताला सवलतीत कच्चे तेल देऊ केले. पाश्चात्त्य देशांनी नाके मुरडली, पण या वेळी कारखाने भारतीय होते आणि नकार देणारे कोणी नव्हते. जहाजांमागून जहाजे आली. एप्रिल २०२२नंतर जवळपास दोन वर्षे पंपावरचा भाव केंद्राची मे महिन्यातील आणि महाराष्ट्राची जुलै महिन्यातील करकपात वगळता जागचा हलला नाही. त्या काळात कंपन्यांना आधी तोटा झाला, नंतर भरघोस नफा. सवलतीतला किती वाटा शुद्धीकरणाच्या नफ्यात गेला, किती सरकारी तिजोरीत आणि किती स्कूटरच्या टाकीत, यावर संसदेत प्रश्न विचारले गेले. पिरपावच्या धक्क्याजवळ माहुलचा कारखाना तेव्हाही अहोरात्र चालूच होता.